रूट 1 तुंबला की आमची गल्ली

नमस्कार मंडळी,

मराठी शाळेच्या पालकांना आमची गल्ली माहीत आहे, दर रविवारी गाड्या आमच्याच दारासमोर लावता. रूट 1 हा हायवे तुंबला की फोनमधला नकाशा सगळ्यांना इकडे वळवतो. पाटी ताशी 25 मैलांची आहे, गाड्या 40 च्या खाली नसाव्यात.

परवा संध्याकाळी बाबा फिरायला निघाले. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघितलं, पुण्यातली सत्तर वर्षांची सवय. इथे अमेरिकेत गाडी आली डावीकडून. आरसा बाहीला घासून गेला. लागलं काही नाही, पण तेव्हापासून ते गॅरेजमध्येच फेऱ्या मारतात.

कोपऱ्यावर स्टॉप साइन लावा, असं पत्र मंडळाच्या लेटरहेडवर मिळेल का?

– शाळेची ताई

*

ताई,

वाचून पोटात गोळा आला. जन्मभर रस्त्यांचंच काम केलं म्हणून सांगतो, स्टॉप साइन मागू नका. वेग आवरायला ती वापरू नये असं फेडरल नियमपुस्तकातच आहे, त्यामुळे अर्ज तिथेच अडेल. शिवाय लोक पाटीपाशी नुसते रेंगाळल्यासारखं करतात आणि वाया गेलेला वेळ पुढच्या तुकड्यात भरून काढतात. स्पीड कॅमेऱ्याला तर आपल्या न्यू जर्सीत कायद्यानेच बंदी.

आधी टाउनशिपच्या पोलिसांकडून मोजणी करून घ्या. रस्त्यावर आडव्या काळ्या रबरी नळ्या टाकतात ना, ती. शंभरातल्या 85 गाड्या किती वेगाच्या आत आहेत, हा आकडा हातात आला की पुढचं बोलता येतं. मोजणी जुलैत होऊ देऊ नका, शाळांना सुट्टी असते, गल्ली अगदी शहाण्यासारखी वागते. गतिरोधक मागा, पण अग्निशमनवाले कुरकुर करतील हे धरून चाला.

पत्रात एक गोष्ट घाला. 2011 च्या एका अमेरिकन अभ्यासानुसार ताशी 23 मैलांनी धडक बसली तर पायी माणूस दगावण्याची शक्यता सरासरी 10 टक्के, 42 मैलांना 50. म्हाताऱ्यांना धोका त्याहून जास्त.

– काका

*

एवढं कशाला? आपल्या न्यू जर्सीतल्याच लिओनिया गावाने केलं तसं बाहेरच्यांना गल्ली बंदच करा की! 200 डॉलर दंड!

*

पुढचंही वाचा हो. लिओनियाने जानेवारी 2018 मध्ये गर्दीच्या वेळी साठेक रस्ते बाहेरच्यांना बंद केले आणि ऑगस्टमध्ये कोर्टाने तो वटहुकूम उडवला. राज्याच्या परिवहन खात्याची मंजुरीच घेतली नव्हती.

– काका

*

कबूल करून टाकतो. कोजागिरीला उशीर झाला तेव्हा मी त्याच गल्लीतून आलो होतो. वेग विचारू नका. मसाला दूध गार होईल या धास्तीत पाटी दिसलीच नाही. सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे द्या.

*

काका, मोजणीचा अर्ज आज टाकला. सचिवांनी पत्राला होकार दिलाय. आणि कोजागिरीवाले दादा, सह्यांना याल तेव्हा गाडी मोठ्या रस्त्यावरच लावा.

बाबांनी विचारलंय, नळ्या कोणत्या दिवशी टाकणार? खुर्ची घेऊन अंगणात बसायचा बेत आहे. मशीनवर त्यांचा विश्वास नाही, वहीत वेगळी मोजणी ठेवणार म्हणतात.

– ताई