ओ-टू लावलं की कर्नल आपटतो, सिरियलवर ओळ छापली की चालतो!

कपाशी_कर्नल (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. कापसाची वेचणी सुरू आहे, दिवसा लॅपटॉपला हात लागत नाही. रात्री लाइन राहिली तर शिकण्यापुरता एक ६४ बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितो अन् क्यूइमूवर, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतो.

पेज टेबलचं (मेमरीचे पत्ते जुळवणारा तक्ता) पान शून्य करायला एक इनलाइन फंक्शन आहे, आत असेम्ब्लीची 'रेप स्टॉसबी' सूचना, जी एकच बाइट सलग भरत जाते. पत्ता आरडीआय रजिस्टरमध्ये, किती बाइट ते (४०९६) आरसीएक्समध्ये, शून्य एएलमध्ये. तिन्ही नुसते इनपुट. आउटपुट नाही, क्लॉबर (असेम्ब्ली आणखी काय बदलते त्याची यादी) नाही. लगेच त्याच पत्त्यावर पहिली नोंद लिहितो.

जीसीसी कंपायलरला ओ-झिरो (ऑप्टिमायझेशन बंद) दिलं तर मस्त चालते. ओ-टू (ऑप्टिमायझेशन चालू) दिलं की सीआर३ (पेज टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) भरताच ट्रिपल फॉल्ट, म्हणजे मशीन रीसेट. मेमरी पाहिली तर पान अख्खं शून्य, अन् माझी नोंद बरोबर पुढच्या पानाच्या सुरुवातीला पडलेली. व्होलाटाइल ('ही असेम्ब्ली उडवू नको' सांगणारा शब्द) लावून पाहिलं, काडीचा फरक नाही. पण मधात सिरियल पोर्टवर एक ओळ छापली तर सगळं ठीक! आता ती ओळ काढायची हिंमत होत नाही. कंपायलरच बिघडला म्हणावं काय?

जुना_सालदार
कंपायलरले काहून दोष देतं बापा? तूच त्याले खोटं सांगतलं. नुसतं इनपुट लिवलं म्हणजे 'ह्या रजिस्टरची किंमत बदलणार नाही' असा शब्द दिला. रेप स्टॉसबी तं आरडीआय ४०९६ नं पुढे नेते अन् आरसीएक्स शून्य करते. बैलगाडी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर गेली अन् कंपायलर माल टाकून राहिला तिच्यातच, आपलीच जागा समजून.

ओ-झिरोत तो दरवेळी पत्ता स्टॅकवरून नव्यानं आणते, म्हणून झाकून जाते. ओ-टूत आरडीआयमधलाच वापरते. अन् तुही छापायची ओळ? फंक्शन कॉलनंतर आरडीआय टिकत नाही हे त्याले माहीत हाये, म्हणून पत्ता आरबीएक्ससारख्या टिकणाऱ्या रजिस्टरात ठेवते. नशीब तुहं, दुसरं काही नाही.

आउटपुटच्या जागी '+डी' (आरडीआय) अन् '+सी' (आरसीएक्स) लिव; '+' म्हणजे वाचते अन् बदलतेही. डी मोठाच, लहान लिवला तं आरडीएक्स होते (मले ह्याच्यात दोन रात्री गेल्या). आरडीआय क्लॉबरात टाकू नको, इनपुटशी भिडते अन् जीसीसी एरर देते.

वर्धेची_वाचक
दादांचं बरोबर, पण अर्धंच काम झालं. मेमरी क्लॉबर नाही, म्हणजे कंपायलरच्या लेखी या असेम्ब्लीनं पानाला हातच लावला नाही. मग तो नोंदीचं लिखाण असेम्ब्लीच्या आधी सरकवू शकतो आणि शून्य तिच्यावरूनच फिरतात. व्होलाटाइल हे अडवत नाही. लिनक्सचा बॅरियर मॅक्रो उघडून बघ: आत एकही सूचना नाही, नुसता मेमरी क्लॉबर.

आउटपुट नसलेली असेम्ब्ली जीसीसी आपोआप व्होलाटाइल धरतो, म्हणून तुला फरक दिसला नाही. आता '+डी'मुळे आउटपुट आले, तेव्हा तो शब्द स्वतः लिहायचा.

आणि मेकफाइलमध्ये 'नो-रेड-झोन' आहे का? नसेल तर कंपायलर स्टॅकखालच्या १२८ बाइटांत बिनधास्त माल ठेवतो, आणि कर्नलमध्ये असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर त्यावरच लिहितो.

कपाशी_कर्नल
लाइन साडेअकराला आली. दोन्ही बदल केले, सिरियलची ओळ काढली, ओ-टूवर चालला! डिसअसेम्ब्ली काढली तर रेप स्टॉसबीच्या आधी पत्त्याची प्रत वेगळ्या रजिस्टरात ठेवलेली दिसते. ताई, नो-रेड-झोन नव्हतंच, आता टाकलं. टायमरचा इंटरप्ट उद्या रात्री.