आवड खरी, पण शिकवणं वेगळं

'कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, तेव्हा मुलांना तसंच शिकवावं' इथवर चर्चा आली आहे, म्हणून लिहितोय.

माणसागणिक एखादं इंद्रिय पुढे असतं हे मान्यच. माझी आई फोडणी कानांनी करते. पाठमोरी असली तरी मोहरीची तडतड मंदावली की तिचा हात हिंगाच्या डबीकडे जातो. मावशी मात्र वासावर जाते, जिरं खमंग झालं की गॅस बारीक.

यात सवयीचा वाटा मोठा असावा. मलेशियातले जंगलात राहणारे जहाई लोक वासांना रंगांइतक्याच सहज नावं देतात, हे २०१४ सालच्या एका अभ्यासात दिसलं. आपण मात्र 'लिंबासारखा', 'मातीसारखा' म्हणत वस्तूचा आधार घेतो.

शिकवण्याचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीचं संशोधन तपासलं. आवडीच्या इंद्रियातून शिकवल्यावर जास्त समजतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा पाहूनच कळतो आणि राग ऐकूनच, मूल कुठलंही असो. म्हणून 'हा ऐकणारा, ती बघणारी' असे शिक्के मुलांवर कृपया मारू नका.