मदत हवी आहे: कबुतराची पिल्लं आईबापांपासून कधी वेगळी करायची? धाकटं काही खात नाही

गच्चीवरची:
नमस्कार. कबुतरं माझी नाहीत, धाकट्या भावाची. जूनमध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली आणि मिरजेच्या घराच्या गच्चीवरची ढाबळ माझ्या गळ्यात पडली. सात जोड्या आहेत, बहुतेक गिरेबाज जातीच्या. दाणापाणी, झाडलोट एवढं जमतं. आता मात्र अडलंय.

एका जोडीची दोन पिल्लं आज २६ दिवसांची आहेत. त्याच खणात मादीने पुन्हा अंडी घातलीत आणि हे दोन्ही टोणगे बसल्या मादीच्या अंगावर चढून चारा मागतात. शनिवारी त्यांच्या पायाखाली एक अंडं फुटलं. मग त्याच दुपारी दोघांना उचलून खालच्या रिकाम्या पिंजऱ्यात टाकलं. मका, वाटाणा, गहू, ज्वारी असा नेहमीचा मिक्स दाणा आणि पाणी ठेवलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत मोठ्याने चार दाणे टिपले असतील. धाकटं दाणा चोचीत उचलतं, हलवतं आणि टाकून देतं. भूक आहे, कारण माझ्या बोटांच्या मध्ये चोच खुपसून पंख फडफडवत कुईकुई करत होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर शनिवारचं २४० ग्रॅम २२१ वर आलेलं. घाबरून दोघांना परत बापाकडे ठेवलं, त्याने लगेच भरवलं.

भाऊ फोनवर म्हणतो, "शिकतात गं आपोआप." यूट्यूबवर एक जण २१ दिवस सांगतो, दुसरा ३५. नक्की कधी? आणि राहिलेलं अंडं कसं वाचवू?

ढाबळवाला:
ताई, परत ठेवलंत ते उत्तम केलंत. बरीच पिल्लं २८ ते ३२ दिवसांत सुटी होतात, पण कॅलेंडर बघून उचलू नका. पंख उचलून खाली बघा. तिथली कातडी अजून उघडी असेल, डोक्यावर पिवळे केस असतील तर पिल्लू कच्चं आहे. पावसाळ्यात तर असलं पिल्लू रात्री गारठतं.

खरी परीक्षा संध्याकाळी. अंधार पडायच्या आधी गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपा. आत दाणे हाताला लागले तर काळजी नाही. रिकामी पिशवी लोंबत असेल तर रात्रीपुरतं बापाकडे परत. असं दोन-तीन दिवस करावं लागलं तरी बिघडत नाही.

अंड्याचं सोपं आहे. नवं घरटं हातभर उंच फळीवर घ्या, पिल्लांना खाली जमिनीवर ठेवा आणि वर एक फळी तिरकी लावून आडोसा करा. अंडी घातल्यावर भरवायचं काम बहुतेक नराकडेच येतं. तो साधारण सकाळी दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत अंड्यावर बसतो, बाकीचा वेळ मादी बसते. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी तो मोकळा असतो, तेव्हा खाली उतरून भरवेल. आणि दाणे तिथेच जमिनीवर टाका. बाप टिपतो ते बघूनच ती शिकतात, वेगळ्या पिंजऱ्यात त्यांना शिकवणार कोण?

पारवा:
एवढा उपद्व्याप कशाला? खिडकीतल्या पारव्यांच्या पिल्लांना कोण शिकवायला जातं?

ढाबळवाला:
त्यांना बापच शिकवतो की. पारव्याचं पिल्लू महिनाभर घरट्यात असतं आणि उडायला लागल्यावरही काही दिवस बापाच्या मागे मागे फिरत चारा मागतं. आपण २४व्या दिवशी हिसकावून आणायचं आणि निसर्गावर सोडायचं, हे जमत नाही.

सांगलीवेस:
ताई, एक विचारते. पाणी कशात ठेवलं होतं?

गच्चीवरची:
कोंबड्यांना ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या भांड्यात. मोठी कबुतरं त्यातूनच पितात. का?

सांगलीवेस:
मग तिथेच घोटाळा आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं होतं. आतापर्यंत त्या पिल्लाला पाणी मिळालं ते बापाच्या घशातून, चाऱ्याबरोबर. पाणी वेगळं असतं, भांड्यात असतं, हे त्याच्या गावीही नाही. त्यात मका आणि वाटाणा कोरडा. तहानलेलं पिल्लू दाणा उचलतं आणि टाकतं, गिळत नाही. बघणाऱ्याला वाटतं खाता येत नाही.

पसरट वाटीत दोन बोटं पाणी घ्या. पिल्लू हातात धरून चोचीचं टोक पाण्यात बुडवा, नाकपुड्या वरच राहू द्या. कबुतर कोंबडीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही, चोच बुडवून ओढून घेतं. पहिल्यांदा मान झटकेल. थांबा, पुन्हा बुडवा. सिरिंजने तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू हातात जाईल. आणि आठवडाभर मका बंद करा. बाजरी, ज्वारी, मूग द्या.

फारच अशक्त वाटलं तर भिजवलेले वाटाणे एकेक करून जिभेच्या मागे ठेवायचे, गिळतं ते. दूध-पाव कुणी सांगितलं तर ऐकू नका. 'कबुतराचं दूध' हा शब्द ऐकून लोक गाईचं दूध पाजतात. ते दूध म्हणजे आईबाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून तयार होणारा दह्यासारखा चोथा, पहिल्या आठवड्यापुरता. त्याचा आणि आपल्या दुधाचा काही संबंध नाही.

कोल्हापुरी गिरेबाज:
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी उजेडात धाकट्याचं तोंड उघडून घसा बघा. आत पिवळट, पनीरसारखा थर दिसला तर प्रश्न शिकण्याचा नाही, आजाराचा आहे. भरवताना तो आईबापांकडूनच पिल्लांना लागतो. माझी तीन पिल्लं गेली तेव्हा मी "खायला शिकत नाही" म्हणत बसलो होतो. थर दिसला तर सरळ पशुवैद्याकडे. दुकानदाराने दिलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नका.

गच्चीवरची:
घसा बघितला. गुलाबी, स्वच्छ आहे. पंखाखाली मात्र दोघांचीही कातडी दिसते. म्हणजे मीच घाई केली.

आज दुपारी वाटीचा प्रयोग केला. मोठं दुसऱ्या वेळेला प्यायलं. धाकट्याने चार वेळा मान झटकली, माझा चश्मा भिजवला. पाचव्या वेळी चोच बुडवली आणि काढेचना. गळा हलताना बोटांना जाणवत होता. वाटीतलं पाणी दिसेल इतकं खाली गेलं. मग खाली ठेवल्यावर स्वतः चालत परत वाटीपाशी आलं.

गच्चीवरची (सहा दिवसांनी):
आज ३२ दिवस पूर्ण. घरटं फळीवर घेतलंय, अंडं शाबूत आहे. पिल्लं चार दिवस खालीच बापाजवळ होती. नर आता मागायला आलेल्या मोठ्याला चोच मारून हाकलतो, धाकट्याला मात्र अजून भरवत होता. परवा दोघांना पुन्हा वेगळं केलं. या वेळी सोबतीला दुसऱ्या जोडीचं दीड महिन्याचं पिल्लू ठेवलं. ते बाजरीवर तुटून पडतं आणि ही दोघं त्याच्या खांद्याला खांदा लावून टिपतात. काल संध्याकाळी दोघांच्याही पिशव्या टणक लागल्या. धाकटं २५८ ग्रॅम.

भावाला कळवलं तर म्हणतो, "बघ, शिकली ना आपोआप!"

गच्चीवर सोडायचं कधी ते पुढच्या आठवड्यात विचारते. सध्या पाऊसही आहे आणि समोरच्या टाकीवर एक ससाणा येऊन बसायला लागलाय.