दारू सोडली, आता मीटिंग कुठली धरावी? (तालुक्याचं गाव, सगळे ओळखीचे)

मंडळी, नाव लिहीत नाही, समजून घ्या. वय ४३. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. बंद करून आज ३१ दिवस झाले. पहिले सहा दिवस दवाखान्यात काढले, कारण त्याआधी एकदा घरीच बंद करायला गेलो आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. बायकोने टॉर्च मारून दाखवलं, भिंत कोरी होती.

शेवटचं वर्षभर फळ्यावर वर्तुळ काढताना हात थरथरायचा. म्हणून मी पोरांनाच फळ्याशी बोलवायचो. मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर कौतुक केलं, सरांचा वर्ग बघा, मुलं स्वतः शिकतात!

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना सावरणारे समूह) मीटिंग धरा, एकट्याने ओढू नका. पुण्याला बहिणीकडे गेलो तेव्हा एका मीटिंगला बसून आलो. माणसं चांगली होती. पण निम्मं बोलणं हिंदी-इंग्रजीत, आणि माझं जे काही वाटोळं झालंय ते मराठीत झालंय. शेवटी सगळे उभं राहून प्रार्थना म्हणतात, तिथे मी नुसते ओठ हलवले. आमच्या घरात गणपतीसुद्धा बसत नाही.

इथे गावातही एक समूह आहे. दोनदा गाडी काढली, रद्दीवाल्याच्या दुकानापाशी पोचलो आणि वळलो. आत एखादा पालक बसलेला असला तर? तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा, आपल्याला जमेल अशी मीटिंग शोधायची कशी?

प्रतिसाद १

मास्तर, आधी ३१ दिवसांबद्दल टाळी. मला ११ वर्षं झाली, पण रुजलो चौथ्या समूहात. पहिल्या ठिकाणी एक गृहस्थ दर वेळी अर्धा तास स्वतःचे जुने पराक्रमच सांगायचे, ऐकून प्यावीशी वाटायची. एका खोलीवरून सगळ्या ए.ए.ची पारख करू नका.

जाण्याआधी फोन करून विचारा, मीटिंग बंद आहे की खुली? बंद म्हणजे ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच आत. खुलीला घरचे, पाहुणे, कुणीही येतं. तुम्हाला सध्या बंदच बरी. हजेरीपट नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. वर्गणीची पिशवी फिरते, जमेल ते टाका नाहीतर पुढे सरकवा, त्यातून भाडं आणि चहा निघतो. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा.

देवाचं म्हणाल तर ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्येच 'आम्हाला उमगला तसा' असं लिहिलंय. आमच्यात एक पक्का अंनिसवाला आहे. तो म्हणतो, या खोलीतली बारा डोकी माझ्या एका डोक्यापेक्षा शहाणी, हीच माझी उच्चशक्ती. आणि शिकलेल्या माणसाची लाज म्हणाल, तर १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला हे सुरू केलं त्या दोघांतला एक शेअर दलाल होता आणि दुसरा सर्जन. दोघेही पिणारे.

गावात धीर होत नसेल तर शेजारचा तालुका धरा. मधल्या दिवसांत झूमवर मराठी मीटिंग असतात, कॅमेरा बंद ठेवून बसा. पण तेवढ्यावर भागवू नका. चहा प्यायला माणूस समोर लागतो.

प्रतिसाद २

भाऊ, वहिनींचं कुणीच विचारलं नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (१९८६ पासून चालू आहे) पत्नींसाठी सहचरी गट आहे. ए.ए.सारखंच घरच्यांसाठी अल-अनॉन असतं. आमच्याकडे मिस्टरांच्या आधी मीच जायला लागले. बाटल्या शोधत फिरणं तिथे सुटलं. तरी गव्हाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची सवय अजून आहे, मिस्टरांनी दारू सोडून चार वर्षं झाली तरी.

प्रतिसाद ३

वाचणाऱ्या इतरांसाठी : रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. आधी डॉक्टर. आणि 'न सांगता जेवणातून द्या' छाप औषधांच्या नादी लागू नका. सरकारी हेल्पलाइन १४४४६, मन फारच बिघडलं तर टेलिमानस १४४१६.

धागाकर्ता, १२ दिवसांनी

सगळ्यांचे आभार. शेजारच्या तालुक्याला जाऊन आलो, एसटीने. बंद मीटिंग, नऊ माणसं, सगळं मराठीत. प्रार्थनेला नुसता उभा राहिलो, कुणी काही म्हटलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. समोरच्या खुर्चीत माझ्याच वर्गातल्या पोराचे वडील. कोण ते अर्थात लिहीत नाही. तासभर दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

नंतर स्टँडवर परत गाठ पडली. मी विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता?"

"पावणेनऊ. पण कधी कधी थांबतच नाही, सर."

मग एकाच बाकावर बसलो. त्यांनी पोराच्या मार्कांचं काढलं नाही, मीही नाही. पुढच्या शुक्रवारी तिकीट ते काढणार आहेत.