दात घासल्यावर पेस्टमधलं फ्लोराइड तोंडात किती वेळ टिकतं? (बाबांसाठी विचारतेय)

बाबा ७६ वर्षांचे आहेत. गोळ्यांमुळे त्यांचं तोंड सतत कोरडं पडतं. वर्षभरात तीन दातांना कीड लागली, तीही मुळाशी, हिरडी सरकून उघड्या पडलेल्या भागावर. दातांच्या डॉक्टरांनी १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिली आणि बजावलं: झोपण्याआधी घासा, फेस थुंका, पण चूळ भरू नका.

इथेच अडलंय. खळखळून चुळा भरल्याशिवाय त्यांना तोंड स्वच्छ वाटत नाही. वर रात्रीची गोळी घासून झाल्यावर घेतात, आणि घसा सुकतो म्हणून रात्रभर घोट घोट पाणी पितात. मग दातांवर उरतं तरी काय?

मला समजलंय ते असं. लाळेतलं फ्लोराइड घासल्यानंतर सुरुवातीला झपाट्याने उतरतं, मग सावकाश, आणि तासा-दोन तासांत जवळजवळ मूळ पातळीवर येतं. पण थोडं फ्लोराइड दातांवरच्या किटणात, जिभेवर, गालाच्या आतल्या त्वचेवर अडकून राहतं. दातांवर कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कणही बसतात. तोंडात आम्ल वाढलं की ते विरघळतात आणि फ्लोराइड ऐन गरजेच्या वेळी मोकळं होतं. झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं जास्त टिकतं.

मग बाबांची लाळ मुळातच कमी, तर त्यांच्या तोंडात ते आणखी रेंगाळायला हवं ना? की पाण्याच्या घोटांनी सगळं जातं? पाणी पिऊ नका असं त्यांना सांगायला जीव धजत नाही. हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉशही दिलाय, तो घासल्यावर लगेच वापरला तर चालेल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

मी दातांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस होते, त्यावरून सांगते. गोळी घासण्याआधी द्या, तो प्रश्न तिथेच मिटतो. घासल्यावर अर्धा तास शक्यतो काही नको. नंतर साध्या पाण्याचे लहान घोट खुशाल घेऊ द्या. पाणी पिणं आणि तोंडभर चूळ भरणं यात पुष्कळ फरक आहे, आणि कोरड्या तोंडाच्या माणसाचं पाणी तोडायचं नसतं.

चुळीशिवाय जमतच नसेल तर एक पर्याय आहे. फेस न थुंकता त्यातच पाण्याचा एक छोटा घोट घ्यायचा, मिनिटभर दातांमधून फिरवायचा आणि थुंकायचा. त्यानंतर पाणी नाही.

माउथवॉश मात्र घासल्याबरोबर नको. पेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं, ते क्लोरहेक्सिडिनचा जोर मोडतं. दुपारी वापरा. तो तोंडाच्या आतल्या त्वचेला धरून राहतो, त्याचा परिणाम ८ ते १२ तास टिकतो. आणि इतकी कीड लागत असेल तर डॉक्टरांना ५००० पीपीएमच्या पेस्टबद्दल जरूर विचारा. ती त्यांच्या चिठ्ठीशिवाय वापरायची नाही.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. काल गोळी आधी दिली. घोट फिरवून थुंकायचं बाबांना लगेच पटलं, चूळ भरल्याचं समाधान मिळालं म्हणाले! आता सकाळचं सांगाल का? ते उठल्या उठल्या घासतात आणि दहाच मिनिटांत चहा घेतात. चहा थोडा पुढे ढकलू, की घासणंच आणखी लवकर उरकायला सांगू?