प्रति: क्रॅम म्हणजे निव्वळ गॉथिकची नक्कल?

अमेरिकन वास्तुकार राल्फ ॲडम्स क्रॅमवर गॉथिकचा, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीचा, 'नक्कलखोर' असा शिक्का बसलाय, तो मला घाईचा वाटतो. ह्यूस्टनची राइस इन्स्टिट्यूट बघा. 1912 मध्ये उघडलेल्या या शिक्षणसंस्थेसाठी त्याने गॉथिक बाजूला ठेवलं. टेक्सासचा उन्हाळा पाहता त्याने भूमध्य समुद्राकाठच्या धर्तीवर, सावली देणाऱ्या कमानींच्या ओवऱ्या घेतल्या. प्रिन्स्टन विद्यापीठात मात्र पक्कं गॉथिक. तिथे तो 1907 पासून 1929 पर्यंत सल्लागार वास्तुकार होता आणि 1928 चं भव्य चॅपल त्याचंच.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं त्याचं सेंट थॉमस चर्च (1913) बाहेरून मध्ययुगीन दिसतं, पण आत ध्वनी शोषणाऱ्या खास टाइल्स आहेत. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबीन आणि गुआस्ताविनो कंपनीने मिळून त्या बनवल्या. प्रवचन स्पष्ट ऐकू यावं हा हेतू. पुढे ऑर्गनवाल्यांनी कुरकुर केली, कारण सूर घुमेनात! शेवटी त्या टाइल्सवर लेप द्यावा लागला.

आणि हो, श्रेय एकट्या क्रॅमला देऊ नका. भागीदार बर्ट्रम गुडह्यू नसता तर वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या कॅडेट चॅपलला तो डौल आला नसता, असं माझं मत. दोघं वेगळे झाल्यावर गुडह्यू गॉथिकपासून दूर सरकत गेला. नेब्रास्काचं विधानभवन त्याचं. क्रॅम मात्र शेवटपर्यंत मध्ययुगातच रमला. न्यूयॉर्कचं सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रल 1911 मध्ये हाती आलं तेव्हा आधीचा, गोल कमानी आणि घुमटांचा रोमनेस्क-बायझंटाइन आराखडा बदलून त्याने तिथेही गॉथिकच आणलं. ते कॅथीड्रल अजून अपूर्णच आहे.