मदत हवी आहे: आईच्या भिशी ग्रुपसाठी अख्खा शो बुक करता येतो का?

नमस्कार मंडळी, आमच्या मातोश्री आणि त्यांच्या भिशीच्या २२ जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, २०२३ ला 'बाईपण भारी देवा' बघायला नऊवारी नेसून गेल्या होत्या, आणि तेव्हापासून दर दोनतीन महिन्यांनी थेटरात जायचंच असं ठरलंय. पण प्रॉब्लेम असा की मराठी पिक्चरला आमच्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये एकच शो, तोही सकाळी सव्वादहाचा (त्या वेळी यांची पोळीभाजी चालू असते), आणि सगळ्यांची जमवाजमव होईपर्यंत पिक्चर उतरलेला. मागच्या वेळी तर तिकीट काढूनही शो ऐनवेळी कॅन्सल, कारण बुकिंग कमी म्हणे, रिक्षाचे पैसे फुकट गेले ते वेगळंच.

मी म्हटलं अगं ओटीटीवर येईल की, घरी टीव्हीवर लावून देतो. हिंदीला सहसा ८ आठवडे थांबावं लागतं, मराठीचं कधी लवकर येतं कधी येतच नाही. तर आई म्हणे घरी बघताना मधेच कुकरची शिट्टी होते आणि कोणी हसत पण नाही. आता यावर काय बोलणार 😄

तर कोणी ग्रुप बुकिंग केलंय का? कमीत कमी किती तिकिटं घ्यावी लागतात, मॅनेजरला आधी किती दिवस भेटायचं, दुपारी ३ चा शो मागून घेता येतो का? सिंगल स्क्रीनवाले जास्त ऐकतात का? अनुभव असेल तर प्लीज सांगा.